मालकाच्या रकान्यातलं नाव

कुसुम,

तुझ्या तेरवीला जेवढी माणसं आली, तेवढी माझ्या मुलाच्या लग्नालाही आली नव्हती. पहिलंच वाक्य असं लिहिलं म्हणून रागावू नकोस. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी तुझ्याबद्दल बोलतच नाहीये, माझ्याबद्दल बोलतेय. मंडपात पानं तीनदा मांडावी लागली. बोरगावहून बायका टेम्पो करून आल्या. मी तुझी सख्खी मोठी बहीण, तुझ्या घराच्या ओट्यावर बसले होते, आणि कोण कोण येऊन माझ्यापुढे तुझ्या नावानं रडत होतं. मी त्यांना पाणी देत होते आणि मनात मोजत होते. मला एवढी मिळतील का? नाही मिळणार. हे तूही सांगितलं असतंस, हसत हसत.

त्यात ती मोहगावची ललिता, तुझ्या दुकानासाठी ज्वारीचे धापोडे, ते पातळ पापड, वाळवून देणारी. ती मला सांगत होती, "कुसुमताईचा डावा गुडघा लय दुखे, पायऱ्या चढताना थांबून थांबून चढे." तुझा डावा गुडघा दुखत होता, हे मला तुझ्या तेराव्याला मोहगावच्या बाईकडून कळलं. मला तू कधी सांगितलं नाहीस. मी कधी विचारलंही नाही म्हणा. पण त्या क्षणी मला दुःख झालं नाही, कुसुम. आधी ललिताचा हेवा वाटला, दुःख नंतर झालं.

हेव्याची गोष्ट निघालीच आहे तर पूर्ण सांगते, आता मला अडवायला तू नाहीस.

तुझे केस माझ्यापेक्षा लांब होते, ते सोडून देते. आई तुला मांडीवर घेऊन निवडणं करायची आणि मला विहिरीवर धाडायची, तेही सोडून देते, मोठीच्या नशिबी ते असतंच. तुझा नवरा तुझ्याशी बोलताना हसतो, माझा नवरा माझ्याशी बोलताना घड्याळ पाहतो, यात तुझा काही दोष नाही. एवढंच काय, जिल्हाही तुझ्याच गावाला मिळाला. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा तू मला फोन करून म्हणालीस, "ताई, आता तुले कागदासाठी माह्याच गावाले यावं लागीन." तू गंमत केली होतीस. मी दोन दिवस आमच्या सौसरच्या बाजारात जिला तिला सांगत फिरले की कलेक्टर आला म्हणून संत्रं गोड होत नसतं.

पण नावाची गोष्ट मी सोडली नव्हती.

माझं लग्न लागलं तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस, करवली म्हणून माझ्यामागे उभी. माझ्यापुढे तांदळाचं ताट आलं, आणि यांनी अंगठीनं त्यात नाव लिहिलं. सुनंदा. मला वाचता येत होतं, सातवीपर्यंत शिकले होते मी. मी वाचलं आणि वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचं ताट माझ्यापुढे आलं. मग कळलं, माझ्या सासूचंच नाव वेणू. एका घरात दोन वेणू कशा चालतील? आणि घरातलं सासूचं नाव सुनेनं तोंडात घ्यायचं नाही, म्हणजे मी स्वतःचंच नाव उच्चारायचं नाही. त्या दिवसापासून वेणू नावाची मुलगी माहेरी, रामाकोन्याच्या वेशीपाशीच राहिली. आईबाबा गेले. भाऊ आपल्याला नव्हताच. गावात अजून जुनी माणसं आहेत, पण त्यांच्यासाठी मी नेहमीच 'नामदेवभाऊची मोठी' होते. मला वेणूताई म्हणणारी तू एकटी उरलीस, तेही सासू ऐकेल म्हणून कानाशी येऊन.

मग पाच वर्षांनी तुझं लग्न. मी कडेवर पोर घेऊन उभी. तुझ्यापुढे तांदळाचं ताट आलं. सुधाकररावांनी अंगठी घेतली आणि लिहिलं: कुसुम. तुझी सासू म्हणाली, "अरे, हे तं तिचंच नाव हाय." ते म्हणाले, "मंग? चांगलं हाय की." सगळा मांडव हसला. तूही हसलीस, मान खाली घालून. मी पोराला चिमटा काढला होता का त्या वेळी, मला आठवत नाही. पण ते रडलं होतं एवढं खरं.

आता पत्त्याची गोष्ट. ती तुझी माझी राहून गेलेली गोष्ट आहे.

दुकान ऑनलाईन टाकायचं, ही कल्पना तुझी. चीक माझा. हे मी सगळ्यांना सांगत आले आणि आज तुलाही पुन्हा सांगते. तुला कुरड्यांचा चीक घोटता येत नव्हता. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून पांढराशुभ्र चीक मी काढून द्यायचे, तरी तुझ्या हातानं पातेल्यात गुठळ्या व्हायच्या आणि कुरडई उन्हात तडकायची. शेवयांसारखे सरगुंडे तर तू काडीवर वळताना गाणं म्हणायचीस आणि अर्धे जाड, अर्धे बारीक करायचीस. पण तुला बोलता येत होतं. पुण्याला, भोपाळला, बंगलोरला गेलेली आपल्याकडची पोरं-पोरी तुझ्याशी फोनवर अर्धा अर्धा तास बोलायची आणि एक किलोच्या जागी तीन किलो मागवायची. पुढे मोहगाव, बोरगावच्या बायकाही त्यांचं वाळवण तुझ्याकडे आणून द्यायला लागल्या.

मग तू म्हणालीस, "ताई, फोनवर फोनवर किती दिवस? आपला स्वतःचा पत्ता पाहिजे. लोक पत्ता टाकतील, दुकान उघडीन." मला वाटलं पिनकोड वगैरे. तू तुझ्या ओट्यावर मला शेजारी बसवून मोबाईलमधली ती चौकट दाखवलीस. तिच्यात नाव टाकायचं, नाव मोकळं असेल तर हिरवी खूण, कुणी घेतलेलं असेल तर लाल फुली. आपण 'माहेर' टाकलं. लाल. 'अन्नपूर्णा' टाकलं. लाल. जगातल्या सगळ्या चांगल्या नावांवर आधीच कुणीतरी जाऊन बसलं होतं. मग तू 'पांढुर्णा सौसर' टाकलंस आणि मी तुझा हात धरला.

"सौसर आधी."

"काहून?"

"कुरड्या सौसरले होतात."

"विकतात कुठून, ताई?"

"विकणं काही करणं नोहे."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस की दोन्ही गावं टाकली तर पत्ता इतका लांब होतो की लिहिता लिहिता माणसाची भूक मरेल. त्या दिवशी ते तसंच राहिलं. मी संध्याकाळच्या बसनं सौसरला आले, आणि वाटेत ठरवलं की पत्ता गावाच्या नावानं नको, माझ्या नावानं हवा. मी तुला ते सांगितलं नाही. तुलाच सुचावं असं मला वाटत होतं. मोठ्या बहिणींचा हा फार जुना रोग आहे, न मागता मिळावं म्हणून बसून राहायचं आणि मिळालं नाही की फुगायचं.

दोन दिवसांनी तुझा फोन आला. मी पापडाचं पीठ कुटत होते. तू विचारलंस, "ताई, मी ते फॉर्म भरून राहिली. तुह्यं नाव कोणतं टाकू?"

कोणतं. हा एक शब्द मला झोंबला. जिला एकच नाव आहे ती मला विचारते, तुझं कोणतं. मी म्हटलं, "माह्यं कायले टाकतं? तुह्यंच टाक. तुह्यंच तं शाबूत हाय."

तू म्हणालीस, "बरं."

आणि चार दिवसांनी सगळ्या बायकांच्या मोबाईलवर पत्ता आला. कुसुमकडचं डॉट इन.

मला टोमणा मारायचा होता, तो तू सूचना समजून पाळलास, असं मी तेव्हा धरून चालले. तू टोमणा न ओळखण्याइतकी साधी कधीच नव्हतीस, हे मला ठाऊक होतं. तरी मी तसंच धरून चालले, कारण रागाला ते सोयीचं होतं.

नंतर तू मला किती कौतुकानं सांगायचीस. पत्ता नुसता घेऊन भागत नाही, तो दुकानाच्या पानाला जोडावा लागतो. त्यासाठी आकड्यांच्या दोन ओळी कुठून तरी उचलून कुठे तरी टाकाव्या लागतात. एक आकडा चुकला तर दुकान उघडत नाही. तू चष्मा लावून, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत टाकलास. आणि टाकल्यावर लगेच होत नाही, नवा पत्ता सगळ्या जगात पोचायला एक दिवस लागतो. तू तो दिवसभर दर घटकेला मोबाईल उघडून बघत होतीस, भाजी करपवलीस. मी ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, माझं नवं नाव तर ताटातून उठायच्या आत सगळ्या जगात पोचलं होतं.

दुकानाच्या पानावर तू माझ्या हातांचा फोटो टाकलास. बांगड्या, आणि तळव्यावर एक कुरडई. चेहरा नाही. लोकांनी मला सांगितलं, मी स्वतः पाहिलं नव्हतं. हात माझे, नाव तुझं. मी घरात यांना ते दहा वेळा ऐकवलं. हे घड्याळ पाहून म्हणाले, "मग हात काढून घे." मी हात काढून घेतले नाहीत. चीक काढत राहिले, कुरड्या धाडत राहिले, पण ते पान एकदाही उघडलं नाही. दोन वर्षं.

तू दिवाळीला सौसरला आलीस तेव्हा ताट बाजूला सारून मोबाईल पुढे केलास. "ताई, एक मिनिट पाह्य नं. तुले एक दाखवाचं हाय."

"माह्या डोळ्यावर चष्मा नाही."

"डोक्यावर हाय की."

"त्यातून आता दिसत नाही."

तू मोबाईल ठेवून दिलास आणि चिवड्यात दाणे कमी झालेत म्हणालीस. मीही म्हटलं, दाणे महाग झालेत. अशी ती वेळ गेली. त्यानंतर तू चार वेळा आलीस, पण पुन्हा मोबाईल पुढे केला नाहीस. आणि मग तुला काही करायला वेळच उरला नाही.

परवा, तेरवी होऊन आठ दिवस झाल्यावर, सुधाकररावांचा फोन आला. माणूस वाळला आहे गं. आवाजसुद्धा वाळला आहे. म्हणाले, "ताई, कुसुमच्या मोबाईलवर मेल येऊन राहिले. पत्त्याची मुदत संपून राहिली म्हणते. चार दिवस उरले. इकडे बायका विचारून राहिल्या का दुकान बंद होईन का. मले त्यातलं काही समजत नाही."

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते. संपू दे, असं आलं. कुसुम गेली, कुसुमकडचं जाऊ दे. मी नवा पत्ता घेईन, माझ्या नावाचा, आणि या बायका माझ्याकडे येतील. तुझी राख आपल्याच नदीत सोडून महिनाही झाला नव्हता, आणि मी तुझ्या दुकानाची पाटी उतरवत होते. ललिताचे धापोडे, बोरगावच्या बायकांच्या मुंगवड्या, सगळ्यांच्या ऐन हंगामातल्या ऑर्डरी त्या पत्त्यावर अडकलेल्या होत्या, हे माहीत असून.

मग सुधाकरराव म्हणाले, "आणि ताई, एक विचाराचं होतं. हे वेणू कोन आहे?"

मी म्हटलं, "काय?"

"सगळे मेल तिच्याच नावानं येऊन राहिले. इंग्रजीत लिहिलं हाय, प्रिय वेणू. मालकाच्या जागी तेच नाव हाय. म्या कुसुमच्या तोंडून हे नाव कधी ऐकलं नाही. कोनी भागीदार होती का तिची?"

तीस वर्षांहून जास्त तो माणूस आपला जावई आहे, आणि त्याला माझं नाव माहीत नाही. त्याचा दोष नाही. तो आपल्या घरात आला तेव्हा मी सुनंदा झालेले होते. मी फोन ठेवला आणि काल सकाळच्या बसनं पांढुर्ण्याला आले.

तुझा मोबाईल त्यांनी माझ्या हातात दिला. चष्मा डोळ्यावरच होता. मी पत्त्याच्या नोंदीचं पान पहिल्यांदा पाहिलं, कुसुम. वर पत्ता, खाली रकाने. मालकाचं नाव: वेणू. पुढे बाबांचं नाव, पुढे आपलं माहेरचं आडनाव. रामाकोन्याच्या शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे तसं, तिन्ही नावं ओळीनं. तारीख त्याच दिवसाची, ज्या दिवशी मी तुला म्हटलं होतं, तुझंच टाक. तू माझं ऐकलंस आणि पाटीवर तुझं टाकलंस. आणि मालक मला केलंस. दोन वर्षं ते दुकान माझं होतं आणि मी त्याच्यावर दात-ओठ खात होते.

तू फोनवर 'कोणतं' विचारलंस ते खरंच विचारलं होतंस. दोन्हींतलं मला कोणतं हवं, ते.

याचाही मला राग आला, हे लिहायला हवं. डोळे भरून आले ते नंतर. आधी हे आलं की देण्यातही हीच पुढे. मी तुला आयुष्यात असं काही दिलं का, जे तुला ठाऊकच नव्हतं? मी तुला दिलेल्या प्रत्येक वस्तूची तुला दहा वेळा आठवण करून दिली आहे. चीकसुद्धा. आणि तू दिलंस आणि दाणे कमी झाले म्हणालीस. एवढं मोठं मन कुठून आणलंस गं? आपण एकाच आईच्या.

पण तू एक चूक करून ठेवली होतीस, आपल्याच घरात होईल अशी चूक. त्या नावाचा एकही कागद या जगात नाही. आधारवर सुनंदा, मतदार यादीत सुनंदा, बँकेत सुनंदा. शाळेचा दाखला ट्रंकेत होता, त्याचं वाळवीनं पीठ केलं. आणि त्या पत्त्याच्या कंपनीचा मेल पुढच्या वेळी माझ्या मोबाईलवर यावा, असं करायचं तर मालकाचा कागद हवा होता. सुधाकररावांनी तिथला नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

तिकडे एक मुलगी होती, हिंदी बोलणारी, गोड. मी सांगितलं, माझी बहीण वारली, तिच्या नंबराऐवजी माझा घाला. तिनं अफसोस केला. मग विचारलं, "मैम, खाता वेणू जी के नाम है। आप वेणू जी की कौन लगती हैं?"

सुधाकरराव समोर बसले होते, तेही पाहत होते, त्यांनाही तेच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, "मैं ही हूँ."

"जी, पर आपने नाम सुनंदा बताया।"

"शादी में नाम बदल गया."

"अच्छा, सरनेम।"

"सरनेम भी. नाम भी."

"पूरा नाम?"

"पूरा."

ती कुठल्या शहरात बसली होती कोण जाणे, तिच्याकडे तांदळाचं ताट नसेल. म्हणाली, "तो मैम, वेणू नाम का कोई भी कागज? कोई जो पहचानता हो?"

सुधाकरराव तुझ्या फोटोकडे पाहायला लागले. त्यांना समजलं होतं. ते हळूच म्हणाले, "ताई, तुमी हो?" मी मान हलवली. त्यांनी दोन्ही हात जोडले, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसेल.

मी त्या मुलीला सांगितलं, कागद नाही. ओळखणारी होती, ती गेली. नंबर राहू द्या बहिणीचाच. नाव राहू द्या आहे तेच. पाटीही तीच राहू द्या. फक्त मुदत वाढवा. तुझ्या मोबाईलवर आकडे आले, मी ते एकेक मोठ्यानं म्हणत टाकले, आणि कुसुमकडचं आणखी एक वर्ष चालू झालं. ललिताला मी नंतर फोन करून सांगितलं. ती रडली, तुझ्या नावानं. मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही.

पण त्या मुलीनं फोन ठेवायच्या आधी विचारलं, "और कोई सहायता, वेणू जी?"

माझ्याकडून उत्तर गेलं नाही. तिला वाटलं रेंज गेली. तिनं पुन्हा, मोठ्यानं विचारलं, "वेणू जी? वेणू जी, मेरी आवाज़ आ रही है?"

मी म्हटलं, "आ रही है. एक बार और बोलिए."